मोड केलेल्या निन्टेन्डो वीवर जुने गेम : थरथरणारं चित्र असं थांबलं

दिवाळीत आर्वीजवळच्या आमच्या गावी निन्टेन्डो वी हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल नेला होता. मोड केलेला, म्हणजे बाहेरचे, अनधिकृत प्रोग्राम चालवणारा होमब्रू चॅनल त्यात टाकलेला. घरी टीव्ही अजून पिक्चर ट्यूबचाच. त्यावर स्नेस९एक्स जीएक्स या एम्युलेटरमधून, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधून, सुपर निन्टेन्डो या जुन्या कन्सोलचे गेम लावले.

आधी गेम ठेवलेलं ६४ जीबीचं एसडी कार्ड वीला दिसेचना. ते एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेलं होतं. ३२ जीबीचं, फॅट३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेलं घातलं आणि काम झालं.

खरी अडचण पुढे होती. भाचा म्हणाला, "मामा, हे अक्षरं कायले थरथरते?" मी पिवळी पिन बदलली, जोडणी घट्ट केली, तेवढ्यात लाईनही जाऊन आली. थरथर तशीच.

मग लक्षात आलं. सुपर निन्टेन्डोचं चित्र साधारण २२४ ओळींचं, आणि प्रत्येक फ्रेममध्ये सगळ्या ओळी पूर्ण येतात. वी मात्र ४८०आय पाठवत होता, म्हणजे एकदा विषम ओळी, एकदा सम. बारीक रेघा त्यामुळेच लुकलुकतात. एम्युलेटरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रेंडरिंग 'ओरिजिनल' केलं की २४०पी मिळतं, म्हणजे जुन्या कन्सोलसारख्या सगळ्या ओळी दर वेळी एकत्र. ते केलं आणि चित्र एकदम स्थिर! ओळींमधल्या त्या काळ्या फटी, लहानपणी पाहिलेल्या, तशाच. एलसीडीवर ही मजा नाही, म्हणून ट्यूबचा टीव्ही असेल तर भंगारात देऊ नका.