कोठडीतील मृत्यूनंतर वैद्यकीय देखभालीची छाननी कशी करावी

पोलीस कोठडीत किंवा कारागृहात माणूस मरण पावला की त्याच्याबद्दल तीन प्रश्न एकदमच उभे राहतात, आणि छाननीसाठी बोलावलेल्या डॉक्टरने त्यांतला आपला कोणता, हे सर्वांत आधी ठरवून घ्यावे. मरण कशाने आले, हा न्यायवैद्यकाचा प्रश्न. त्याला कोण जबाबदार, हा न्यायदंडाधिकाऱ्यांचा. कैदेत असताना त्या माणसाच्या प्रकृतीकडे कोणी, केव्हा आणि कसे लक्ष दिले, हा आपला. शवविच्छेदनात ‘नैसर्गिक मृत्यू’ असे आले की पुष्कळदा या तिसऱ्या प्रश्नाची फाईल मिटते. हृदयविकाराने आलेले मरण नैसर्गिक असेलही. परंतु छातीत दुखते म्हणून तो माणूस चार तास बराकीच्या दाराशी बसून होता काय, हे तपासायचे राहूनच जाते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘प्रिझन्स अँड प्रोबेशन ओम्बड्समन’ हे स्वतंत्र कार्यालय २००४ पासून कारागृहातील प्रत्येक मृत्यूचा तपास करते आणि उपचारांची छाननी त्या तपासाचा एक भाग म्हणून वेगळ्या वैद्यकीय परीक्षकाकडून होते. आपल्याकडे असे नेमलेले पद नाही. येथे डॉक्टरकडे पत्र येते ते बहुधा चौकशी करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून, मानवाधिकार आयोगाकडून किंवा उच्च न्यायालयाच्या आदेशावरून. कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने, कलम १७६ (१अ) म्हणून, आली. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. पत्रात केवळ ‘वैद्यकीय मत द्यावे’ एवढेच लिहिलेले असेल, तर नेमक्या कोणत्या प्रश्नांवर आणि कोणत्या कालावधीबद्दल मत हवे, हे लेखी विचारून घ्यावे.

त्याच पत्रोत्तरात आपले हितसंबंधही सांगून टाकावेत. गोवा लहान आहे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) शिकलेल्या कोणत्याही दोन डॉक्टरांमध्ये फार तर एका ओळखीचे अंतर असते, त्यामुळे संबंधितांपैकी कोणालाच ओळखत नाही असा परीक्षक शोधणे येथे जवळजवळ व्यर्थ आहे. मृताला आपण कधी तपासले असेल, कारागृहाचे डॉक्टर आपले विद्यार्थी किंवा नातलग असतील, अथवा ज्या इस्पितळात त्याला नेले तेथे आपण त्या महिन्यात कामावर असू, तर नकार द्यावा. नुसती ओळख असेल तर ती लिहून द्यावी आणि निर्णय पत्र पाठवणाऱ्यांवर सोडावा.

कागद मागवताना संकोच करू नये, आणि सारांशावर भागवू नये. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीची नोंद (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३), सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातील १९९६ च्या निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी व्हायची तपासणी, कारागृहातील प्रवेशाच्या वेळचा आरोग्य तक्ता, ओपीडी रजिस्टर, केसपेपर, औषधांचा तक्ता, १०८ रुग्णवाहिकेची नोंद, इस्पितळातील आकस्मिक विभागाचा कागद, ईसीजीची मूळ पट्टी, पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे सर्व लागते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने कोठडीतील मृत्यूंच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करण्यास १९९५ मध्ये सांगितले आणि १९९७ मध्ये त्यासाठी नमुना प्रपत्र दिले; अहवाल त्या प्रपत्रात आहे का आणि चित्रीकरण उपलब्ध आहे का, हेही पाहावे. अहवालात मृत्यूचे कारण म्हणून केवळ ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिले असेल तर ते कारण धरू नये. मरणाऱ्या प्रत्येकाचे हृदय आणि श्वास थांबतातच. ते कशामुळे थांबले, हे विचारणारे पत्र न्यायवैद्यक विभागाला पाठवावे. व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी राखलेले अवयवांचे नमुने) आणि ऊतींच्या तपासणीचे निष्कर्ष बरेच उशिरा येतात, म्हणून ते आलेले नसतील तर आपले मत अंतरिम आहे असे स्पष्ट लिहावे.

वैद्यकीय नसलेले कागद मात्र बहुतेक डॉक्टर मागवत नाहीत, आणि माझ्या अनुभवात खरी माहिती तेथेच असते. पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी, रात्रपाळीच्या वॉर्डरची (कारागृहातील पहारेकऱ्याची) वही, आणि विशेषतः कारागृहाच्या मुख्य दरवाजाचे रजिस्टर मागवावे. केसपेपरवर ‘तातडीने पाठवले’ असे असते. दरवाजाचे रजिस्टर मात्र गाडी नेमकी किती वाजता बाहेर पडली ते सांगते. एस्कॉर्टसाठी, म्हणजे कैद्याला बाहेर नेताना लागणाऱ्या पोलीस पहाऱ्यासाठी, पोलिसांकडे केलेल्या मागण्या आणि त्यांची उत्तरेही घ्यावीत. कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातून म्हापशाचे जिल्हा इस्पितळ जवळ आहे आणि बांबोळीही फार लांब नाही. तरीही एस्कॉर्टला माणसे मिळाली नाहीत म्हणून ओपीडीची तारीख चुकली, असे होऊ शकते. तारीख किती वेळा चुकली, कोणाला कळवले आणि नवी तारीख कोणी घेतली, हे मोजून लिहावे. सीसीटीव्हीचे चित्रीकरण पहिल्याच दिवशी लेखी मागावे. पोलीस ठाण्यांतील चित्रीकरण १८ महिने जपावे असे सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे, पण त्या भरवशावर स्वस्थ बसू नये.

कागद हाती आले की शवविच्छेदनाचा अहवाल पाकिटात बंद करून बाजूला ठेवावा. शेवट ठाऊक असलेल्या डॉक्टरला प्रत्येक आधीची नोंद सूचक वाटू लागते. ज्या परिचारिकेने पोटदुखीवर अँटासिड दिले तिला त्या क्षणी जे दिसत होते तेवढेच आपल्यालाही दिसावे, यासाठी हा उपाय आहे. मग घटनाक्रम लिहायला घ्यावा. कोऱ्या कागदावर चार रकाने पाडावेत: वेळ, घटना, ती कोणत्या कागदात आहे, आणि त्या वेळी ती कोणाला माहीत होती. शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि पुढचे बहुतेक निष्कर्ष त्यातूनच निघतात. दोन कागदांत वेळा जुळत नसतील तर मधली वेळ काढू नये, दोन्ही लिहाव्यात. एका प्रकरणात सीसीटीव्हीचे घड्याळ दरवाजाच्या रजिस्टरपेक्षा अकरा मिनिटे पुढे होते. ते लक्षात आले नसते तर मी एका परिचारिकेवर विनाकारण उशिराचा ठपका ठेवला असता. तेव्हापासून प्रत्येक जागेचे घड्याळ मी आधी माझ्या मोबाईलशी जुळवून पाहतो.

घटनाक्रम कसा वाचावा, हे एका कल्पित उदाहरणावरून सांगतो. पंचेचाळिशीतला, बार्देशातला एक मजूर. रोजची दारू, उन्हाळ्यात हुर्राक आणि एरवी फेणी. शनिवारी रात्री नऊ वाजता त्याला मारामारीच्या तक्रारीवरून अटक होते. तपासणीच्या कागदावर ‘ताज्या जखमा नाहीत, प्रकृती ठीक’ असे आहे. रोज किती पितो आणि शेवटचे केव्हा प्याला, हे कोणी विचारलेले नाही. दारू अचानक तुटल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ सुरू होते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. आणि भ्रम, ताप, जोराची धडधड यांसह येणारा डेलिरियम ट्रेमेन्स साधारणपणे ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान गाठतो. आता याच्या शेजारी कायद्याचे वेळापत्रक ठेवावे. अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे असते आणि न्यायालयीन कोठडी मिळाली की तो कारागृहात जातो. म्हणजे नेमका आजार चढत असताना माणसाचा ताबा एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जातो. पोलिसांनी पाहिलेली थरथर कारागृहाच्या तक्त्यावर येत नाही आणि कारागृहाच्या डॉक्टरला दिसतो तो दुसऱ्या दिवशीचा, काहीसा गप्प माणूस. सोमवारी रात्री वॉर्डरच्या वहीत ‘गोंधळ घालतो, भिंतीशी बोलतो, इतरांना झोपू देत नाही’ अशी नोंद पडते. मंगळवारी पहाटे तो निपचित सापडतो.

येथे परीक्षकाचे काम वॉर्डरच्या भाषेचे वैद्यकीय भाषेत भाषांतर करण्याचे आहे, आणि ते जपून करावे लागते. ‘नाटक करतो’ या शब्दांमागे झटका असू शकतो, वेदना असू शकते, आणि क्वचित खरोखर नाटकही असू शकते. वॉर्डरला डेलिरियम ओळखता आला पाहिजे होता, असे म्हणणे अन्याय आहे. भिंतीशी बोलणाऱ्या माणसाला रात्री डॉक्टरला दाखवायचे की नाही, याबद्दल त्याला काही लेखी सूचना होती का, आणि रात्री फोन कोणाला करायचा हे त्याला ठाऊक होते का, हे प्रश्न न्याय्य आहेत. प्रवेशाच्या तक्त्यावर दारूचा प्रश्न छापलेला होता का, दारू तुटल्यावर द्यायची औषधे, म्हणजे थायमिन आणि डायझेपाम किंवा लोराझेपाम, साठ्यात होती का, हे फार्मासिस्टच्या रजिस्टरवरून कळते.

याच्या उलट चूकही तितकीच घातक असते: तोंडाला दारूचा वास आहे म्हणून बेशुद्धी दारूचीच धरणे. स्कूटरवरून पडून डोक्यात रक्तस्राव झालेला माणूस आणि रक्तातील साखर उतरलेला मधुमेही दोघेही लॉकअपमध्ये ‘प्यालेला, झोपला आहे’ या नोंदीखाली सापडतात. त्याला ठरावीक वेळाने उठवून पाहिले का, प्रश्नाला उत्तर दिले का, बोटाला टोचून साखर पाहिली का, हे शोधावे. दाराच्या गजातून ‘श्वास चालू आहे’ एवढे पाहणे ही तपासणी मानू नये. पावसाळ्यात अंगदुखी आणि तापाच्या नोंदी असतील तर लेप्टोस्पायरोसिस व डेंगी मनात ठेवून लघवी आणि प्लेटलेटच्या नोंदी पाहाव्यात.

आत्महत्येच्या प्रकरणांत कैदेचे पहिले काही दिवस आणि न्यायालयातून परतल्यानंतरचे तास बारकाईने पाहावेत: जामीन त्या दिवशी फेटाळला गेला होता का, घरून कोणी भेटायला आले होते का, मानसोपचार संस्थेची औषधे कारागृहात आल्यावर चालू राहिली की तक्त्यावर रिकाम्या चौकोनांची रांग आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०३ मध्ये मानसिक आजार असलेल्या कैद्यांची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन नेमके प्रश्न विचारता येतात.

मग निकष कोणता लावायचा? संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील २४ वा नियम सांगतो की कैद्याला बाहेरच्या समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळावी, आणि २७ वा सांगतो की वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसांनीच घ्यावेत, ते कारागृहाच्या इतर अधिकाऱ्यांनी डावलू नयेत. गोव्यात याचा अर्थ असा: हाच माणूस हीच तक्रार घेऊन साखळीच्या किंवा काणकोणच्या सरकारी दवाखान्यात गेला असता तर त्याचे काय झाले असते? बांबोळीच्या अतिदक्षता विभागाशी तुलना करू नये. पण एक फरक विसरता कामा नये. बाहेरचा माणूस बरे वाटेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, औषधाच्या दुकानातून गोळी आणतो, शेजाऱ्याला हाक मारतो, स्वतः १०८ फिरवतो. कैद्याच्या हाती यांतले काहीच नसते. त्यामुळे जेथे बाहेर रुग्णाने स्वतः पुन्हा येण्याची वाट पाहिली तरी चालते, तेथे आत डॉक्टरने त्याला पुन्हा बोलावून घ्यायला हवे, असे मी धरतो.

माणसांशी बोलताना आपण पोलीस नाही हे दिसले पाहिजे. त्याचबरोबर गुप्ततेचे आश्वासनही देऊ नये, कारण आपले टिपण न्यायालयात जाऊ शकते. कारागृहाच्या डॉक्टरला आधी त्याचे कागद वाचू द्यावेत. सहकैद्यांशी अधिकाऱ्यांच्या कानाआड बोलावे आणि त्यांचे नाव अहवालात आवश्यक आहे का याचा दोनदा विचार करावा, कारण ते पुन्हा त्याच बराकीत जाणार असतात. कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड अशा ज्या भाषेत माणूस बोलला त्याच भाषेत त्याचे शब्द टिपून मग अर्थ लिहावा. कुटुंबाला भेटायला मात्र विसरू नये. कोणती औषधे चालू होती, भेटीला आलेल्या पत्नीने गोळ्यांची पिशवी दरवाजावर कोणाकडे दिली, शेवटच्या फोनवर तो काय म्हणाला, हे तेथेच कळते. त्यांना काय जाणून घ्यायचे आहे ते विचारून ते प्रश्न अहवालाच्या सुरुवातीलाच लिहावेत.

अहवालात घडलेले आणि आपले मत यांची सरमिसळ होऊ देऊ नये. उपचार योग्य होते का आणि वेगळे उपचार मिळाले असते तर तो वाचला असता का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असूनही दुसऱ्याचे ‘बहुधा नाही’ असू शकते आणि तसे धीटपणे लिहावे. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वापरू नये. तो ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे. चांगले झालेले कामही नोंदवावे: बराकीत छाती दाबून पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करणाऱ्या वॉर्डरचा उल्लेख राहून जाऊ नये. मसुदा तथ्यांच्या दुरुस्तीसाठी संबंधितांना वाचायला द्यावा, मात्र मते बदलण्याची चर्चा तेथे करू नये. वर्तमानपत्रांशी बोलू नये आणि हाताने लिहिलेली टिपणे जपून ठेवावीत, कारण साक्षीचे समन्स केव्हाही येऊ शकते.

शिफारशी तीन-चारच कराव्यात, त्या व्यक्तीऐवजी पदाला उद्देशून कराव्यात, आणि पाळल्या की नाही हे तपासता येईल अशा कराव्यात. ‘कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता वाढवावी’ ही शिफारस कोणीच मोजू शकत नाही. ‘पोलीस कोठडीतील तपासणीच्या कागदाची प्रत कैद्याबरोबर कारागृहात यावी आणि प्रवेशाच्या तक्त्यावर शेवटच्या मद्यपानाची वेळ लिहिली जावी’ ही मोजता येते. अशी शिफारस करून सहा महिने झाले की, पत्र पाठवणाऱ्यांच्या परवानगीने, प्रवेशाचे शेवटचे वीस तक्ते मागवून घ्यावेत. तो रकाना किती ठिकाणी भरलेला आहे हे पाहायला अर्धा तासही लागत नाही.