प्रार्थनेतल्या या चुका टाळा: शब्द बरोबर, हेतू मात्र भलताच

प्रार्थनेचं उत्तर येत नाही असं वाटलं की आपण आधी शब्द बदलतो, वेळ वाढवतो, उपवास धरतो. हेतूकडे नजर सगळ्यात शेवटी जाते. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (४:३, म्हणजे अध्याय ४, वचन ३) मात्र थेट त्यावरच बोट ठेवलं आहे: तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण चैनीवर उधळायला मागता. अर्थात प्रत्येक नकारामागे खोटा हेतूच असतो असं नाही. येशूचा प्रेषित पौल याने शरीरातला ‘काटा’ (सतत छळणारा त्रास) काढावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली, तरी काटा राहिलाच. उत्तर मिळालं ते ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ असं (२ करिंथ १२:८-९). त्यामुळे या चुका स्वतःच्या प्रार्थनेत शोधाव्यात. आजारी शेजाऱ्याच्या प्रार्थनेत त्या शोधत बसू नये.

मागणं सांगायचं, कारण लपवायचं

‘बढती दे’ एवढंच म्हटलं तर हेतू कळत नाही. वाक्य ‘म्हणजे’ लावून पुरं करा. ‘बढती दे, म्हणजे कर्ज फिटेल’ आणि ‘बढती दे, म्हणजे त्याची चांगली जिरेल’ यांत मागणं एकच आहे, पण प्रार्थना दोन आहेत. मोठ्याने पुरं करायला जीभ अडखळते, तिथेच खरी गोष्ट दडलेली असते.

इथे लोक दुसरी चूक करतात. मनात असं काही सापडलं की ‘आधी मन शुद्ध होऊ दे, मग प्रार्थना करू’ म्हणत थांबतात. तसं थांबू नये. ‘मला त्याचा हेवा वाटतो, त्याला खाली पाहायला लावावं असं वाटतं’ हे देवाला याच शब्दांत सांगावं. स्तोत्र १०९ मध्ये शत्रूविषयीचा संताप जसाच्या तसा ओतला आहे, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या १०व्या अध्यायात याची चांगली जोडी सापडते. याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे येऊन म्हणतात, आम्ही जे काही मागू ते तू करावंस. मागणं सांगण्याआधीच होकार हवा! येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? त्यांना त्याच्या वैभवात उजव्या-डाव्या हाताच्या जागा हव्या असतात. अध्याय संपता संपता हाच प्रश्न तो आंधळ्या बार्तीमयाला विचारतो, आणि तो म्हणतो, मला दिसावं. पहिल्या दोघांना जागा मिळाल्या नाहीत, पण त्यांना हाकलूनही दिलं नाही. तुम्ही काय मागता हे तुम्हांला कळत नाही, असं सांगून येशू त्यांच्याशी बोलत राहिला. चुकीच्या हेतूने मागणारा निदान दुरुस्त होऊ शकेल अशा जागी येऊन उभा तरी असतो.

देवाशी बोलत माणसांना ऐकवायचं

‘प्रभू, काही जण सभेला उशिरा येतात, त्यांची मनं बदल.’ ही प्रार्थना कोणाला ऐकू जावी म्हणून केली आहे, ते सभेतल्या प्रत्येकाला कळतं. प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातली भानगड सांगणं हाही त्यातलाच प्रकार.

मत्तय ६:५-६ मध्ये चारचौघांत प्रार्थना करायला बंदी नाही. माणसांनी पाहावं म्हणून करायला आहे. मरण पावलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूनेही लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मोठ्याने प्रार्थना केली (योहान ११:४१-४२). पडताळा सोपा आहे. दार लावून एकट्याने प्रार्थना करता तेव्हा आवाज, भाषा आणि लांबी किती बदलते? फरक फार असेल तर सभेत एकच विषय घ्या, तीन-चार वाक्यांत मागा आणि थांबा.

आभार मानता मानता स्वतःचीच स्तुती

लूक १८ मधला परूशी (धर्मनियम कसोशीने पाळणाऱ्या पंथातला माणूस) प्रार्थनेत काहीच मागत नाही. सुरुवात आभारानेच करतो, पण पुढे आठवड्यातून दोनदा उपवास, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणं), आणि दूर उभ्या, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराशी तुलना. आभाराच्या प्रत्येक वाक्यात ‘तू दिलंस’ येतंय की ‘मी केलं’, एवढं तपासलं तरी पुरे.

‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ची पळवाट

निराशा पदरी पडू नये म्हणून काही जण सुरुवातीलाच हे म्हणून मोकळे होतात. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने आधी स्पष्ट मागितलं, हा प्याला (म्हणजे पुढचं दुःख) टळून जावो. मग पित्याची इच्छा मान्य केली, आणि तीच प्रार्थना तीनदा केली. आधी मागा, मग सोपवा.

मनात अढी ठेवून प्रार्थना

इथे दोन वचनांची गल्लत होते. मार्क ११:२५: प्रार्थनेला उभे असताना तुमच्या मनात कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. हे जागच्या जागी होतं. मत्तय ५:२३-२४: तुमच्या भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करा. इथे उठून जावं लागतं. आपण सोयीने उलटं करतो: ज्याला दुखावलं त्याला मनातल्या मनात ‘माफ’ करून टाकतो, आणि ज्याने दुखावलं त्याच्याकडे जाऊन त्याची चूक काढतो.

क्षमा म्हणजे मारहाण करणाऱ्याकडे परत राहायला जाणं किंवा तक्रार मागे घेणं नव्हे. हे दडपण कोणी आणत असेल तर ते मानू नये.

माफी मागायला जाताना ‘मी असं बोललो, ते चुकलं’ एवढंच म्हणावं. ‘पण तूही’ आलं की मूळ भांडण पुन्हा सुरू. समोरच्याने लगेच हात पुढे केला नाही तरी त्याला वेळ द्यावा, आणि परत येऊन अर्धवट राहिलेली प्रार्थना पुरी करावी.