सर्व्हर रेंगाळतोय? रीस्टार्ट करण्याआधी कोण चालतंय ते बघा

लातूरच्या एखाद्या क्लासमध्ये रविवारी चाचणी झाली की संध्याकाळी निकाल वेबसाइटवर लागतो. उदगीर, औसा, निलंगा, अहमदपूरचे पालक एकदमच मोबाइल काढतात, आणि नेमका तेव्हाच सर्व्हर मान टाकतो. संचालकांचा फोन येतो, "सर, ते एकदा बंद करून चालू करा की!" तसं केल्याने काम भागतंही कधी कधी. पण नेमकं कशानं अडलं होतं हे त्याबरोबरच पुसलं जातं आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच फोन.

ज्यांच्या गळ्यात सर्व्हर पडलाय, युझरनेम-पासवर्ड मिळालाय, पण काळ्या स्क्रीनची फारशी सवय नाही, अशांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे हे काम बहुतेक वेळा संगणकाच्या सरांकडे नाहीतर लॅब सांभाळणाऱ्या पोराकडे येतं.

खाली सगळ्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या छोट्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. रेघा, स्वल्पविराम, चिन्हं जशी दिसतात तशीच ठेवा. उदाहरणं उबुंटू, डेबियन, रॉकी अशा लिनक्स सर्व्हरची आहेत.

पहिली पायरी : ताण किती आहे?

लॉगिन झाल्यावर लगेच प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, यादी काढू नका. आधी हे दोन शब्द वेगवेगळे टाइप करा :

अपटाइम
एनप्रोक

अपटाइमच्या ओळीत शेवटी तीन आकडे येतात : गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांतला सरासरी लोड. एनप्रोक सांगतं की प्रोसेसर किती आहेत. प्रोसेसर २ आणि लोड ९ असेल तर रांग लागली आहे. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल तर दुखणं ताजं आहे, उलट असेल तर सर्व्हर सावरतोय. लिनक्समध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही या लोडमध्ये धरतात. म्हणून प्रोसेसर निवांत आणि लोड मात्र चढलेला, असंही दिसू शकतं.

सर्व्हर किती वेळापासून चालू आहे तेही याच ओळीत असतं. मशीन क्लासच्याच एखाद्या खोलीत ठेवलेलं असेल आणि इथे "१२ मिनिटं" दिसत असतील, तर बहुधा लाइट गेली होती आणि यूपीएसनेही दम तोडला होता. मग पुढचा तपास वेगळा.

दुसरी पायरी : यादी काढा

नुसतं "पीएस" टाइप केलं तर रकान्यांच्या नावांखाली दोनच ओळी दिसतात, तुमचं शेल (तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आणि ती कमांड स्वतः. कारण नुसतं पीएस फक्त तुमच्या, त्याच टर्मिनलमधल्या प्रोसेस दाखवतं. सगळ्यांची यादी हवी तर :

पीएस एयूएक्स | लेस

इथे एयूएक्सच्या आधी आडवी रेघ नाही, ती घालू नका. 'ए' म्हणजे सगळ्या युझरच्या, 'यू' म्हणजे युझरचं नाव आणि वापर दाखवणारा तक्ता, 'एक्स' म्हणजे कुठल्याच टर्मिनलला न जोडलेल्याही. सर्व्हरवरची खरी कामकरी मंडळी, म्हणजे वेब सर्व्हर, डेटाबेस, क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारा), या शेवटच्या गटातच असतात. लेसमुळे यादी पानापानाने दिसते, बाहेर पडायला क्यू दाबा.

रकाने पुष्कळ आहेत, पण सुरुवातीला सगळे वाचायची गरज नाही. युझर, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), प्रोसेसरचा टक्का, मेमरीचा टक्का, आरएसएस, स्टॅट (प्रोसेसची अवस्था) आणि शेवटची कमांड एवढे पुरे. आरएसएस म्हणजे प्रोसेसने प्रत्यक्ष रॅममध्ये अडवलेली जागा, किलोबाइटमध्ये. चौकटी कंसातली नावं दिसली तर ते कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, स्वतःचे धागे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी : जड कोण आहे?

मेमरी सर्वांत जास्त खाणाऱ्या दहा प्रोसेस :

पीएस एयूएक्स --सॉर्ट=-%मेम | हेड -एन ११

अकरा यासाठी की पहिली ओळ रकान्यांच्या नावांची असते. बरोबरच्या खुणेनंतरची आडवी रेघ म्हणजे उतरता क्रम. अनेक प्रोसेस मिळून वापरत असलेली सामायिक मेमरी प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजली जाते. त्यामुळे पोस्टग्रेससारख्या डेटाबेसच्या ओळींची बेरीज करून "मेमरी तर शंभर टक्क्यांच्या वर गेली" असा गलका करू नका.

'मेम'च्या जागी 'सीपीयू' लिहिलं की प्रोसेसरप्रमाणे क्रम लागतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पीएसमधला प्रोसेसरचा टक्का या क्षणाचा नसतो. प्रोसेस सुरू झाल्यापासून तिने वापरलेला प्रोसेसरचा वेळ भागिले ती चालू असलेला एकूण वेळ, असा तो हिशेब आहे. एखादा डेटाबेस महिनाभर निवांत बसून होता आणि गेली दहा मिनिटं अख्खा प्रोसेसर ओढतोय, तरी पीएस त्याच्यापुढे जवळपास शून्य टक्केच दाखवेल. उलट नुकतीच सुरू झालेली साधी स्क्रिप्ट पहिल्या सेकंदाला नव्वद टक्क्यांवर दिसेल. निकालाच्या संध्याकाळी पीएस बघून "डेटाबेस तर शांत आहे" म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

आत्ताचा हाल हवा तर टॉप वापरा :

टॉप

पडदा दर काही सेकंदांनी ताजा होतो. मोठा पी दाबला की प्रोसेसरप्रमाणे क्रम, मोठा एम दाबला की मेमरीप्रमाणे. छोटा यू दाबून युझरचं नाव दिलं की फक्त त्याच्या प्रोसेस, छोटा सी दाबला की पूर्ण कमांड. एखाद्या ओळीत १८० टक्के दिसले तर घाबरू नका, ती एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरतेय इतकंच. एचटॉप बसवलेलं असेल तर ते डोळ्याला जास्त बरं दिसतं, त्यात एफ४ दाबून नाव लिहिलं की यादी गाळून मिळते. पण परक्या सर्व्हरवर ते असेलच असं नाही, म्हणून टॉप हाताशी असावं.

चौथी पायरी : गाळणी लावा

शेकडो ओळींतून पीएचपीच्या तेवढ्या हव्यात. सगळे आधी हे शिकतात :

पीएस एयूएक्स | ग्रेप पीएचपी

उभी रेघ पहिल्या कमांडचं उत्तर दुसरीच्या हातात देते. गंमत अशी की पीएचपी अजिबात चालू नसलं तरी एक ओळ येऊ शकते : ग्रेपची स्वतःची. तिच्या कमांडमध्येही तो शब्द आहे ना! जुना उपाय म्हणजे शोधशब्दाचं पहिलं अक्षर चौकटी कंसात घालायचं, ग्रेप '[पी]एचपी'. ग्रेपला अर्थ तोच लागतो, पण तिची स्वतःची ओळ आता जुळत नाही.

माझ्या मते मात्र रोजच्या कामाला पीग्रेपच धरावं :

पीग्रेप -ए पीएचपी

हे स्वतःला मोजत नाही आणि पीआयडीबरोबर पूर्ण कमांडही दाखवतं. मात्र ते शोधतं फक्त प्रोसेसच्या नावात, आणि लिनक्स त्या नावाची पहिली १५ अक्षरंच ठेवतं. पायथनच्या स्क्रिप्टचं नाव तिथे सहसा नसतं, तिथे नुसतं पायथन असतं. स्क्रिप्टच्या नावाने शोधायचं तर -एफ जोडा, मग पूर्ण कमांड तपासली जाते. -सी जोडलं तर फक्त संख्या येते.

ही संख्या फार बोलकी असते. समजा, निकालाचे एसएमएस पाठवणारी स्क्रिप्ट क्रॉन दर पाच मिनिटांनी सुरू करतो. समोरची सेवा उत्तर देईना, म्हणून पहिली स्क्रिप्ट ताटकळत बसली. पाच मिनिटांनी दुसरी, मग तिसरी. रात्री नऊपर्यंत चाळीस स्क्रिप्ट डेटाबेसची जोडणी अडवून बसल्या, आणि बिचाऱ्या वेबसाइटला जागाच उरली नाही. एकेकीचा वापर नगण्य, त्यामुळे तिसऱ्या पायरीत त्या दिसणारच नाहीत. मोजल्या तरच सापडतात :

पीग्रेप -एफ -सी एसएमएस_पाठवा

क्रॉनने उघडलेल्या शेलची ओळही यात धरली जाऊ शकते, म्हणून आकडा दुप्पट वाटला तर -सी काढून -ए लावा आणि ओळी बघा. असा ढीग लागत असेल तर क्रॉनच्या ओळीत कमांडच्या आधी "फ्लॉक -एन" आणि एका लॉक फाइलचं नाव द्या. आधीची स्क्रिप्ट संपेपर्यंत नवी सुरूच होणार नाही.

किती वेळापासून कोण अडून बसलंय हे बघायला रकाने आपणच निवडावेत :

पीएस -यू डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा -ओ पीआयडी,पीपीआयडी,स्टॅट,ईटाइम,सीएमडी --सॉर्ट=स्टार्ट_टाइम

उबुंटू-डेबियनवर वेब सर्व्हरचा युझर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हाच असतो. सर्वांत जुनी प्रोसेस वर येते. पीपीआयडी म्हणजे तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसचा पीआयडी, आणि ईटाइममध्ये दिवस, तास, मिनिटं दिसतात.

पाचवी पायरी : स्टॅटचं पहिलं अक्षर

आर म्हणजे चालतेय किंवा चालायला तयार आहे. एस म्हणजे निजलेली, बहुतेक यादी अशीच असते आणि त्यात वावगं काही नाही. टी म्हणजे थांबवलेली. डी दिसली तर थांबा : ती बहुधा डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइलींची वाट बघतेय, आणि त्या अवस्थेत तिला मारूनही ती मरत नाही. डीच्या ओळी वाढत असतील तर डिस्क तपासा. झेड म्हणजे झोंबी, म्हणजे आधीच मेलेली. तिची यादीतली नोंद तेवढी उरलीय, कारण तिला जन्म देणाऱ्या प्रोसेसने निरोप घेतलेला नाही. तिथे पीपीआयडी बघून त्या मूळ प्रोसेसकडे जायचं.

सहावी पायरी : थांबवायचं असेल तर

हाती पीआयडी आला, समजा ४३२१, तरी आधी ती कोणाची हे विचारा :

सिस्टिमसीटीएल स्टेटस ४३२१

ही कमांड सेवेचं (म्हणजे वेब सर्व्हर, डेटाबेस अशा मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामचं) नावच नाही तर थेट पीआयडीही घेते, आणि ती प्रोसेस कुठल्या सेवेची आहे ते सांगते. सेवेची असेल तर ती सेवाच रीस्टार्ट करा. एकेक प्रोसेस मारत बसलात तर मूळ प्रोसेस नवी तयार करत राहील. सुटी स्क्रिप्ट असेल तर "किल ४३२१". हा १५ क्रमांकाचा सिग्नल, आवराआवर करून थांबायला सांगणारा. थोडा वेळ द्या, नाहीच ऐकलं तर "किल -९ ४३२१". डेटाबेसवर ९ चालवणं टाळा, पुन्हा उठताना त्याला अर्धवट राहिलेली कामं निस्तरत बसावं लागतं. पीआयडीऐवजी शब्दावरून मारणारं पीकिल -एफ वापरायचं असेल तर त्याच शब्दाने आधी पीग्रेप -ए -एफ चालवून काय काय जाळ्यात येतंय ते वाचा.

यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याआधी शेवटचा रकाना नजरेखालून घाला. कमांडबरोबर कोणी पासवर्ड लिहिला असेल तर तो तिथे उघडा दिसू शकतो.

आणि जी शोधताय ती प्रोसेस यादीत नसेलच तर?

सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय 'किल्ड प्रोसेस'

इथे तिचं नाव निघालं, तर मेमरी संपल्यावर कर्नलनेच तिला मारलं. तेव्हा तुम्ही तिथे नव्हता, म्हणून रविवारी संध्याकाळपुरती क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी पीएस एयूएक्सच्या वरच्या पंधरा ओळी एका फाइलीत जोडत जा. त्या ओळीत सॉर्टला -%मेम न देता -पीमेम द्या. क्रॉनच्या फाइलीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे ओळ संपली असं धरलं जातं आणि कमांड मध्येच तुटते.