फ्रॅक्टलला उंची देताना रंगावर विसंबू नका

मँडेलब्रॉट संच या फ्रॅक्टलचं, म्हणजे कितीही जवळून पाहिलं तरी नवे बारकावे दाखवणाऱ्या गणिती आकृतीचं, सुरेख रंगीत चित्र हाती आलं की पुढची वाट सोपी वाटते. ते ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचं करायचं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सपाट प्लेनला डिस्प्लेस मॉडिफायर लावायचा (तो उजळ भाग गडद भागापेक्षा वर उचलतो), की डोंगरदऱ्या तयार! थांबा. याच वाटेवर माझे फार दिवस गेले, आणि आजही कुणी नवखं तिथेच अडकलेलं दिसलं की जीव तुटतो. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो आणि हे एक सविस्तर.

रंग म्हणजे उंची नव्हे. चित्रातला प्रत्येक बिंदू म्हणजे एक संख्या, सी. झेड शून्यापासून सुरू करायचा, झेडचा वर्ग करायचा, त्यात सी मिळवायचा, हे करत राहिल्यावर बिंदू किती आवर्तनांनी निसटला, म्हणजे झेड ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, हा आकडा सॉफ्टवेअर काढतं. रंग त्या आकड्यावर नंतर चढतो. पॅलेट, म्हणजे रंगांचा क्रम, डोळ्यांना छान दिसावी म्हणून रचलेली असते आणि बहुतेक वेळा ती गोल फिरते: निळा, पांढरा, नारिंगी, काळा, परत निळा. ग्रेस्केल करताना मोजला जातो तो उजळपणा. त्याच्या नेहमीच्या सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. त्यामुळे भडक निळा पट्टा जवळजवळ काळा ठरून तिथे खड्डा पडतो आणि शेजारच्या पांढऱ्या पट्ट्याचा कडा उभा राहतो. मूळ आकडा मात्र तिथे संथपणे चढतच असतो. पॅलेट जितक्या वेळा फिरली, तितक्या खोट्या दऱ्या.

हे पटकन लक्षात येत नाही, कारण निकाल वाईट दिसत नाही. खडबडीत, गुंतागुंतीचं काहीतरी समोर येतं आणि फ्रॅक्टल असंच असणार असं आपण धरून चालतो. एक चाचणी करा. पॅलेट बदलून तेच चित्र पुन्हा ब्लेंडरमध्ये न्या. डोंगरांचा आकार बदलला, तर तुम्ही पॅलेटला उंची दिलीय, फ्रॅक्टलला नाही.

म्हणून त्याच जागेचं दुसरं रेंडर काढा, फक्त उंचीसाठी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकच चढ ठेवा, पुनरावृत्ती बंद. स्मूथ कलरिंग (आवर्तनांचा आकडा अपूर्णांकात देणारी सोय) चालू हवं, नाहीतर आवर्तनं पूर्णांकात येतात आणि उतारावर जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. बेलआउट, म्हणजे बिंदू निसटला असं धरण्याची मर्यादा, २ ऐवजी १००० सारखा मोठा ठेवा. लहान बेलआउटला स्मूथ सूत्र पट्ट्यांच्या सीमेवर नीट जुळत नाही. फाइल १६ बिटची घ्या. ८ बिटमध्ये २५६ पातळ्या मिळतात, १६ मध्ये ६५,५३६. ८ बिटची फाइल नुसती १६ बिट म्हणून सेव्ह केली तर हरवलेल्या पातळ्या परत येत नाहीत. जेपीजी तर नकोच, तिच्या ८ बाय ८ च्या चौकटी पृष्ठभागावर उठून दिसतात. ब्लेंडरमध्ये या चित्राची कलर स्पेस नॉन-कलर करा, म्हणजे ब्लेंडर त्याला रंग न समजता नुसते आकडे समजेल, आणि मूळ रंगीत रेंडर वरून टेक्स्चर म्हणून चढवा. रंग वाया जात नाही, तो त्याच्या जागी जातो.

पायऱ्या दिसल्या की ब्लर मारा, असा सल्ला देणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: ब्लर पायऱ्यांबरोबर बारकावेही पुसतो, आणि बारकाव्यांसाठीच तर आपण इथे आलो. एका फोटोवरून खोली ओळखणारी एआय साधनंही इथे टाळा. ती छायाचित्रांवर शिकलेली असतात, आवर्तनांचा आकडा त्यांना ठाऊक नसतो. तयार प्रीसेट देणाऱ्यापेक्षा स्वतःची पॅरामीटर फाइल (सगळ्या सेटिंग्जची नोंद) उघडून दाखवणारा मार्गदर्शक शोधा.

संचाच्या सीमेजवळ आवर्तनं झपाट्याने वाढतात, त्यामुळे तिथे सुया उभ्या राहतात. इथे घाबरू नका, सगळ्यांच्या पहिल्या रेंडरमध्ये त्या असतात. उंचीचा लॉगरिदम घेतला की डोंगर माणसाळतात. संचाच्या आतले बिंदू कधी निसटतच नाहीत, म्हणून त्यांना निसटण्याचा आकडाच नसतो. सॉफ्टवेअर त्यांना बहुधा काळा रंग देतं आणि मधोमध विहीर तयार होते. तो भाग पांढरा करून सपाट पठार ठेवा.

एवढं करूनही लोंबते कडे आणि गुहा मिळणार नाहीत, कारण एका बिंदूला एकच उंची असते. त्या हव्या असतील तर २००९मध्ये डॅनियल व्हाइट आणि पॉल नायलँडर यांनी पुढे आणलेला मँडेलबल्ब हा त्रिमितीय फ्रॅक्टल आणि तो काढणारं मँडेलबल्बरसारखं सॉफ्टवेअर ही वेगळी वाट आहे. तिची घाई नको.

सुरुवात १०२४ बाय १०२४ ने करा, तेवढ्यातच प्लेनच्या जाळीत साडेदहा लाख शिरोबिंदू होतात. ४०९६ ला आकडा पावणेदोन कोटींच्या जवळ जातो आणि चांगली मशिनं अडखळतात. उंची योग्य आहे का हे तपासताना टेक्स्चर काढून टाका, पृष्ठभाग साधा करडा ठेवा आणि सन लाइट क्षितिजाजवळ आणा. तिरप्या उजेडात पायऱ्या, चौकटी आणि खोट्या दऱ्या लगेच दिसतात. डोक्यावरच्या उजेडात त्या लपून राहतात.