फार्माकोजेनॉमिक्स अभ्यासक्रमाचे संचालक निवडताना या चुका टाळा

पहिली चूक जाहिरातीतच होते. नाशिकमधील अनेक फार्मसी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर वैद्यकीय महाविद्यालये म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी. त्यामुळे पात्रतेची अट ज्या शाखेच्या कार्यालयात लिहिली जाते, त्याच शाखेचा उमेदवार तिच्यात बसतो आणि दुसरा अर्जच करत नाही. व्यक्तीच्या जनुकांनुसार औषध ठरवण्याच्या या विषयाला औषधशास्त्रही लागते, जनुकशास्त्रही लागते आणि वॉर्डातला अनुभवही. तिन्हीकडच्या उमेदवारांना अर्ज करता येईल अशी अट घालावी व ती विद्यापीठाच्या नियमांत बसते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

शोधनिबंधांची संख्या मोजत बसणे ही त्याहून महागात पडणारी चूक आहे. मी निवड समितीवर असताना आम्हीही तेच केले. शेवटची दहा मिनिटे उरली असताना एका सदस्याने अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाचा, नाव झाकलेला अहवाल टेबलावर ठेवला: सीवायपी२सी१९ (क्लोपिडोग्रेल सक्रिय करणाऱ्या विकराचे जनुक), *२/*२ (त्याच्या दोन्ही प्रती निकामी), चालू औषध क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी रोखणारे). सर्वाधिक निबंध असलेल्या उमेदवाराने जनुकाची रचना उत्तम समजावली. परंतु या रुग्णाच्या शरीरात क्लोपिडोग्रेल पुरेसे सक्रिय होणार नाही, म्हणून रक्तस्रावाचा धोका तपासून प्रासुग्रेल किंवा टिकॅग्रेलॉरचा पर्याय हृदयरोगतज्ज्ञांपुढे मांडावा लागेल, हे त्यांना सुचले नाही. असा अहवाल मुलाखतीच्या सुरुवातीलाच हाती द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

उमेदवाराने आणलेला अभ्यासक्रमाचा आराखडा परदेशी पुस्तकावरून उतरवलेला नाही ना, हेही पाहावे. अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधासाठी केवळ टीपीएमटी हे जनुक शिकवणे भारतीय रुग्णांच्या बाबतीत अपुरे आहे, कारण आपल्याकडे या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटण्यामागे एनयूडीटी१५ या जनुकातील बदल अधिक महत्त्वाचे ठरतात. सुरगाणा किंवा पेठच्या हिवतापाच्या रुग्णाला प्रायमाक्विन देण्यापूर्वी जी६पीडी (हे विकर कमी असल्यास या औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात) का तपासावे, हा प्रश्न तर नाशिकच्या संचालकांना विचारलाच पाहिजे.

नेमणूक होऊनही वर्षभरात एकही विद्यार्थी वॉर्डात गेला नाही, अशी तक्रार असेल, तर संचालकांना बोल लावण्यापूर्वी त्यांचे नेमणूकपत्र वाचावे. रुग्णालयाशी करार करण्याचा किंवा चाचण्यांचा खर्च मंजूर करण्याचा अधिकार बहुधा त्यात नसतोच. तो सुधारित आदेशाने द्यावा, रुग्णालयातील एका डॉक्टरांना सहसंचालक नेमावे आणि वॉर्डफेरीचा आठवड्यातला एक वार दोघांच्या वेळापत्रकात कायमचा लिहून घ्यावा.