जुना संगणक मोडीत काढताना

नवा संगणक घरात आला की जुन्याची रवानगी बहुधा माळ्यावर किंवा पलंगाखाली होते आणि तिथे तो वर्षानुवर्षे पडून राहतो. आळस हे त्याचे एक कारण असते, परंतु बऱ्याचदा मनात दोन शंकाही असतात. आतली माहिती भलत्याच्या हाती पडणार नाही ना, ही पहिली. आणि अशी वस्तू टाकायची तरी कुठे, ही दुसरी. दोन्ही शंका रास्त आहेत. मात्र संगणक नुसता ठेवून दिल्याने दोन्ही प्रश्न अधिक अवघड होतात. पासवर्ड विसरला जातो, चार्जर हरवतो, बॅटरी निकामी होते, आणि एके दिवशी यंत्र सुरूच होत नाही. आतली माहिती बाहेर काढणे आणि मग ती पुसणे ही दोन्ही कामे संगणक चालू स्थितीत असताना घरबसल्या होतात; तो बंद पडल्यावर त्यांसाठी स्क्रू ड्रायव्हर हाती घ्यावा लागतो. म्हणून नवा संगणक आल्यापासून महिना-दोन महिन्यांतच जुन्याचा निकाल लावावा.

त्याआधी तो खरोखरच मोडीत काढण्याच्या लायकीचा झाला आहे का, हे तपासावे. ‘फार हळू चालतो’ ही तक्रार पुष्कळदा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे किंवा अपुऱ्या रॅममुळे, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीमुळे, असते. डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, बसवली आणि रॅम वाढवली, तर अशा यंत्राला आणखी काही वर्षे मिळू शकतात. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कित्येक धडधाकट यंत्रे त्यामुळे एकाएकी ‘जुनी’ ठरली. परंतु विंडोजऐवजी लिनक्स ह्या कार्यप्रणालीची एखादी हलकी आवृत्ती टाकली, तर लेखन, ईमेल आणि अभ्यास ह्यांसाठी ती आजही पुरतात. दुसऱ्याला देण्याचा विचार असेल, तर मात्र घेणाऱ्याला आधी विचारावे. पंधरा वर्षांचा कुरकुरणारा संगणक एखाद्या संस्थेच्या दारात नेऊन ठेवणे ह्याला मी दान म्हणणार नाही. आपल्या घरातला कचरा तेवढा दुसऱ्याच्या घरात जातो.

माहितीची प्रत काढताना दस्तऐवज आणि छायाचित्रे सर्वांच्या लक्षात येतात. विसरल्या जातात त्या वेगळ्याच गोष्टी. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क, संगणकावरच उतरवून घेतलेल्या जुन्या ईमेल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली माहिती आणि डेस्कटॉपवर ‘तात्पुरते’ म्हणून ठेवलेले सगळे काही आठवणीने पाहावे. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षरपद्धती, रूढ होण्यापूर्वी ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये टंकलेले मजकूर त्या फॉन्टशिवाय उघडले, तर पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसते. तेव्हा फाइलींबरोबर त्या फॉन्टच्या फाइलीही उतरवून घ्याव्यात. प्रती दोन असाव्यात, आणि त्यांतल्या काही फाइली नव्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहिल्याखेरीज जुन्यावरचे काहीही पुसू नये.

ह्यानंतर सर्व खात्यांमधून बाहेर पडावे. ज्या सशुल्क सॉफ्टवेअरचा परवाना ठरावीक यंत्रांपुरताच असतो, त्याची नोंदणी ह्या यंत्रावरून काढून घ्यावी. अॅपलच्या संगणकावर हरवलेले यंत्र शोधणारी ‘फाइंड माय’ ही सोय बंद करावी आणि बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड दिलेला असेल, तर तोही काढून टाकावा; नाहीतर पुढच्या माणसाच्या हाती चालू यंत्र जाऊनही त्याला ते वापरता येणार नाही.

आता मुख्य काम, म्हणजे माहिती पुसणे. फाइल डिलीट केली आणि रिसायकल बिन रिकामे केले, तरी फिरत्या डिस्कवरची माहिती तिथेच राहते. ‘ही जागा आता वापरायला मोकळी आहे’ एवढीच नोंद होते. झटपट फॉरमॅटनेही ह्यापेक्षा फारसे अधिक काही होत नाही. २००३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील दोन विद्यार्थ्यांनी आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी बाजारातून १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. त्यांपैकी चालू निघालेल्या १२९ डिस्कमध्ये नीट पुसलेल्या डिस्क अवघ्या १२ होत्या, आणि बाकीच्यांमध्ये खासगी पत्रांपासून क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांपर्यंत नाना प्रकारचा ऐवज सापडला. विकणाऱ्यांपैकी अनेकांनी डिस्क फॉरमॅट केल्या होत्या आणि तेवढ्यावर ते निश्चिंत होते.

पुसण्याची रीत डिस्क कोणत्या जातीची आहे ह्यावर अवलंबून असते. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा नवी, निरर्थक माहिती लिहिली की काम होते. पस्तीस वेळा लिहावे हा सल्ला अजूनही ऐकू येतो, पण तो जुन्या काळच्या डिस्कवरील लेखनपद्धती डोळ्यांसमोर ठेवून दिलेला होता. आजच्या डिस्कसाठी एक फेरी पुरते. विंडोजमध्ये ‘रिसेट धिस पीसी’ हा पर्याय घेऊन ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे आणि पुढे सेटिंग बदलण्याची संधी मिळते तिथे ‘क्लीन डेटा’ चालू करावे. हा शेवटचा खटका महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच राहून जातो, कारण तो मुख्य पडद्यावर दिसत नाही. एक टेराबाइटच्या डिस्कला ह्या कामासाठी कित्येक तास लागू शकतात, त्यामुळे लॅपटॉप असेल तर तो चार्जरला जोडूनच हे काम सुरू करावे.

एसएसडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातल्या चिप सारख्या झिजाव्यात म्हणून तिचा नियंत्रक प्रत्येक वेळी वेगवेगळ्या जागी लिहितो आणि काही जागा राखीवही ठेवतो. त्यामुळे वरून पुन्हा लिहिले, तरी जुनी माहिती एखाद्या कोपऱ्यात शिल्लक राहू शकते. इथे डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील किंवा बायोसमधील ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी. दुसरा मार्ग म्हणजे विंडोजमधील बिटलॉकर किंवा मॅकमधील फाइलव्हॉल्ट वापरून आधी सगळी डिस्क कूटबद्ध करावी, म्हणजे डिजिटल किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करावी, आणि मग ती पुसावी. किल्लीच नष्ट झाल्यावर उरलेसुरले तुकडे कुणाला वाचता येत नाहीत. संगणक नवा घेतल्या दिवसापासून डिस्क कूटबद्ध ठेवलेली असेल, तर हे काम काही मिनिटांत आटोपते. अॅपलची चिप किंवा टी२ चिप असलेल्या मॅकमध्ये ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय हेच करतो.

संगणक सुरूच होत नसेल, तर डिस्क बाहेर काढावी लागते. हे काम वाटते तितके अवघड नाही. वायर भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवून टाकावी. मागच्या बाजूचे दोन-तीन स्क्रू काढले की कॅबिनेटचा बाजूचा पत्रा सरकून निघतो. वर्षांची धूळ बाहेर येते, म्हणून हे गॅलरीत करावे. जाड पुस्तकाएवढी, हाताला चांगली जड लागणारी आणि दोन चपट्या कनेक्टरांनी जोडलेली धातूची पेटी म्हणजे हार्ड डिस्क. दोन्ही कनेक्टर ओढावेत, कडेचे चार स्क्रू काढावेत, की डिस्क हातात येते. लॅपटॉपमध्ये ती पत्त्यांच्या कॅटएवढी असते, आणि एसएसडी पुष्कळदा च्युइंगमच्या पट्टीएवढीच दिसते. ही डिस्क यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून पुसता येते. वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, मात्र कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, तीनशे व्होल्टच्या आसपासचा भार काही काळ राहू शकतो. जुन्या काचेच्या मॉनिटरच्या आत तर त्याहून कितीतरी अधिक दाब असतो.

डिस्क बिघडलेलीच असेल आणि पुसता येत नसेल, तर ती फोडावी लागते. चुंबक फिरवणे, पाण्यात बुडवणे किंवा वरच्या पेटीवर दोन हातोडे मारणे ह्यांवर भरवसा ठेवू नये. ड्रिलने तबकड्यांच्या आरपार तीन-चार भोके पाडावीत. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या अनेकदा काचेच्या असतात आणि त्यांच्या ठिकऱ्या उडतात, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. एसएसडीमध्ये प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. एक राहिली तरी तिच्यातली माहिती राहिली. ज्यांना ही खटपट नको, त्यांनी डिस्क काढून कपाटात ठेवून द्यावी आणि बाकीचा संगणक देऊन टाकावा. हा मार्ग पळपुटेपणाचा मुळीच नाही. उलट चांगली चालणारी, नीट पुसलेली डिस्क केवळ भीतीपोटी फोडणे ही मला नासाडी वाटते.

ह्या गडबडीत बाकीच्या जागा विसरू नयेत. सीडीच्या ट्रेमध्ये अडकलेली तबकडी, कार्डाच्या खाचेत राहिलेले कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड आणि मागच्या बाजूला लावून विसरलेला पेनड्राइव्ह हे नेहमीचे राहून जाणारे ऐवज आहेत. यंत्र बंद असले, तरी ट्रेच्या पट्टीवरील बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घातली की ट्रे बाहेर येतो. कॅबिनेटवर किंवा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठीही काढावी. सोबत प्रिंटर टाकणार असाल, तर त्याच्या स्मृतीत वायफायचा पासवर्ड असू शकतो, म्हणून त्याचेही फॅक्टरी रिसेट करावे.

लॅपटॉपची लिथियम बॅटरी हा संगणकाचा सर्वांत धोक्याचा भाग आहे. टचपॅड वर उचलला गेला असेल, तळ फुगला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे; चार्जिंग ताबडतोब थांबवावे आणि ती दाबून सपाट करण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न करू नये. सुटी बॅटरी सहज निघत असेल, तर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळी सुपूर्द करावी. आत चिकटवलेली असेल, तर ओढून काढू नये. घेणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा, नाण्यासारखा सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, कारण तो गिळला गेल्यास काही तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

राहता राहिला प्रश्न द्यायचे कुणाला ह्याचा. जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते, सुरुवातीच्या एलसीडी पडद्यांमागच्या दिव्यांत पारा असतो, आणि तांब्यासाठी वायरींवरचे प्लॅस्टिक उघड्यावर जाळले की डायऑक्सिनसारखे विषारी पदार्थ हवेत जातात. दुसरीकडे, टनभर सर्किट बोर्डांत टनभर खनिजापेक्षा कितीतरी अधिक सोने असते, आणि ते मिळवण्यासाठी कुठे तरी कुणी तरी उघड्या हातांनी आम्लात बोर्ड बुडवत बसलेले असते. २०२२ साली जगभरात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. धोकादायक कचऱ्याच्या परदेशी वाहतुकीवर लगाम घालणारा बाझल करार १९८९ सालचा, तरी सर्व प्रकारच्या ई-कचऱ्यासाठी घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती १ जानेवारी २०२५ पासूनच आवश्यक झाली.

म्हणून आधी उत्पादक कंपनी किंवा विक्रेता जुने यंत्र परत घेतो का, हे पाहावे; नसेल, तर स्थानिक प्रशासनाच्या ई-कचरा संकलन केंद्राकडे किंवा परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जावे. परवाना क्रमांक कोणता, बोर्ड आणि बॅटऱ्या पुढे कुणाकडे जातात, पावती मिळेल का, हे तीन प्रश्न न संकोचता विचारावेत. खरे काम करणाऱ्याला त्यांची उत्तरे पाठ असतात. जो केवळ वजन पाहून पटकन पैसे हातावर ठेवतो, त्याचे लक्ष बहुधा तांबे आणि अॅल्युमिनियमवर असते. बाकीचे त्याच्या दृष्टीने टाकाऊच.

यंत्र वापरासाठी दुसऱ्याला देणार असाल, तर चार्जर आणि वायरी सोबत द्याव्यात, रॅम किती आणि डिस्क किती हे एका कागदावर लिहून द्यावे, आणि देण्यापूर्वी ते एकदा स्वतः सुरू करून पाहावे. पडद्यावर तुमचे नाव न येता भाषा कोणती हवी असा प्रश्न आला, की बटण दाबून यंत्र बंद करावे आणि पिशवीत भरावे.