स्पीड सेन्सर बदलण्याआधी : जुन्या गाड्यांवर काम शिकणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गॅरेजात लागलेल्या पोरांना इंजिनाची भीती नसते. क्लचप्लेट, ब्रेक, टायमिंग बेल्ट ही कामं हात बसला की जमतात. घाम फुटतो तो वायरिंगला. म्हणून मी नवीन मुलांना सांगतो, सुरुवात गिअरबॉक्सवरच्या स्पीड सेन्सरपासून करा, म्हणजे गाडीचा वेग मोजून मीटरला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या पार्टपासून. पार्ट छोटा, वायरी दोन नाहीतर तीन, आणि काम जमलं की नाही ते मीटरचा काटाच सांगतो.

गिऱ्हाईक कधीच ‘सेन्सर गेला’ म्हणत येत नाही. तो म्हणतो, ‘काटा पडून राहतो’, किंवा ‘सिग्नलला थांबवताना गाडी बंद पडते’. गाडी अजून चालतेय की थांबत आलीय हे ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळलं नाही तर आयडलिंग सांभाळताना त्याचा गोंधळ होतो, म्हणून ती बंद पडते. ऑटोमॅटिक असेल तर गिअर झटके देत पडतात किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. बॉनेट उघडायच्या आधी चार प्रश्न विचारा. काटा सकाळी थंड गाडीत पडतो की घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापल्यावर? खड्ड्यात नाचतो का? पावसात जास्त होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, किलोमीटर पुढे सरकतात का? इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये किलोमीटर सरकताहेत आणि फक्त काटा मेलाय, तर सिग्नल येतोय. दोष मीटरमध्ये आहे, गिअरबॉक्सखाली झोपायची गरज नाही.

गाडी कुठली हेही बघा. जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ला मीटरची केबल असते, तिथे सेन्सर शोधत बसू नका. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरवरून घेतला जातो. मधल्या काळातल्या सँट्रो, जुनी होंडा सिटी अशा गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सवर बसलेला सापडतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की पी०५००, म्हणजे स्पीड सेन्सरचा कोड, येतो आणि नवशिका लगेच म्हणतो, सेन्सर मागवू? थांबा. कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे, वायर आहे, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी वायर) आहे, फ्यूज आहे, आणि काही गाड्यांत मीटरही आहे, कारण सिग्नल आधी तिथे जाऊन मग ईसीएमकडे जातो. ऑटोमॅटिकमध्ये पी०७१५ म्हणजे गिअरबॉक्सच्या आत शिरणाऱ्या वेगाचा सेन्सर आणि पी०७२० म्हणजे बाहेर पडणाऱ्या वेगाचा. दोन्ही वेगांची तुलना करून कंट्रोलर आत काही घसरतंय का ते ओळखतो. आणखी एक, आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून कोड ठेवायची व्यवस्था) सक्तीचं झालं ते बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर, २०१० मध्ये, आणि त्याचा दुसरा टप्पा २०१३ चा. त्याआधीच्या गाडीला सोळा पिनांचं सॉकेट असलं तरी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही. तेव्हा व्होल्ट आणि ओहम मोजणारा मल्टिमीटर वापरता आलाच पाहिजे.

तीन वायरी असतील तर सेन्सर बहुधा हॉल जातीचा, म्हणजे चुंबक जवळून फिरला की सिग्नल चालू-बंद करणारा. एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. इग्निशन ऑन, इंजिन बंद, कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूने मोजा. सप्लायला गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट हवेत. अर्थ तपासताना मल्टिमीटरच्या नुसत्या बीपवर जाऊ नका. मल्टिमीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी या अर्थच्या वायरला लावा, बॅटरीइतके व्होल्ट दिसले पाहिजेत. सिग्नलच्या वायरवरही बहुतेक गाड्यांत ५ किंवा १२ व्होल्ट उभे असतात. ते ईसीएम किंवा मीटरकडून येतात, सेन्सर त्यांना फक्त अर्थला ओढतो आणि सोडतो. सप्लाय आहे, अर्थ आहे, पण सिग्नलच्या वायरवर काहीच नाही? मग नवीन सेन्सर लावूनही काटा हलणार नाही. आणि इथे टेस्ट लॅम्प लावायचा नाही, त्याचा करंट या सर्किटला झेपत नाही. हॉल सेन्सरचे ओहम मोजूनही काही कळत नाही.

आता कपलर परत लावा, मागच्या बाजूने सिग्नलच्या वायरला बारीक पिन टेकवा आणि चाक फिरवा. इथे एक गंमत आहे, जी वर्गात डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) शिकताना पाठ केलेली असते पण जॅक हातात आला की कुणालाच आठवत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढची दोन्ही चाकं उचलली आणि एक हाताने फिरवलं, तर दुसरं उलटं फिरतं आणि सेन्सरचा गिअर जागच्या जागी राहतो. मग सेन्सर मेला असं वाटतं. एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावा, हँडब्रेक ओढा, जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड घ्या. आता चाक हळू फिरवलं की मल्टिमीटरवर आकडा शून्याजवळ, मग ५ (किंवा १२) जवळ, परत शून्य असा उड्या मारतो. भराभर फिरवलं तर त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबलेला दिसतो, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो, तो बिघाड नव्हे. बऱ्याच जपानी आणि कोरियन गाड्यांत सेन्सरच्या एका फेरीला ४ पल्स (अशा उड्या) येतात आणि किलोमीटरला साधारण अडीच हजार, त्यामुळे हाताने फिरवताना घाई नको.

उड्या दिसल्या नाहीत तर सेन्सर बाहेर काढा. आधी आजूबाजूचा चिखल ब्रशने साफ करा, नाहीतर तो सगळा गिअरबॉक्सच्या आत. सेन्सरखालचा प्लॅस्टिकचा छोटा गिअर बघा. दात झिजून पेन्सिलच्या टोकासारखे झालेले असतात किंवा गिअर दांड्यावर सैल फिरतो. अशा वेळी इलेक्ट्रॉनिक्स अगदी ठणठणीत असतं. ऑइल अडवणारी रबराची ओ-रिंगही कडक होते आणि ऑइल वर चढून कपलरमध्ये शिरतं. बसवताना नवी ओ-रिंग घ्या, तिला ऑइलचा हात लावा, आणि बोल्ट अॅल्युमिनियममध्ये आहे हे लक्षात ठेवून आवळा.

दोन वायरींचा सेन्सर वेगळा. त्याच्या आत कॉइल आणि चुंबक, बाहेरून सप्लाय लागत नाही. त्याचे ओहम मोजता येतात, आणि चाक फिरवलं की एसी व्होल्टेज वेगाबरोबर वाढतं. टोकाला बारीक राखाडी लेप असेल तर पुसून टाका. पत्र्याचे तुकडे चिकटलेले असतील तर विषय सेन्सरचा राहिलेला नाही, गिअरबॉक्स उघडावा लागणार हे गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगा.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत कपलर आणि वायरीच जास्त वेळा दोषी निघतात. खाडीकडच्या सोसायट्यांत उभ्या असलेल्या गाड्यांच्या पिना हिरव्या पडलेल्या दिसतात, आणि वायरी कुरतडणारे उंदीर तर ठाण्यात आणि वाशीत सारखेच. कपलर हलवत काटा नाचतो का ते बघा. तापल्यावरच बंद पडत असेल तर सेन्सरवर हॉट एअर गनची हलकी ऊब द्या, दोष गॅरेजातच दिसतो आणि गाडी तापवायला तीन हात नाक्यावरून हायवेला जायचं पेट्रोल वाचतं. सेन्सर खरंच गेला असेल तर मी जुना घेत नाही. कुर्ल्याच्या बाजारातून दरवाजा, आरसा, हेडलाइट आणायला माझी ना नाही, पण तापल्यावर बंद पडणारा सेन्सर थंड असताना दुकानात ठीकच दिसतो.

बिल करताना एक ओळ जरूर लिहा. सेन्सर बंद होता तेवढे दिवस मीटरने किलोमीटर मोजलेलेच नसतात. त्यामुळे ऑइल आणि टायमिंग बेल्टची वेळ आकड्यावरून धरता येत नाही. मी गिऱ्हाइकाला विचारतो, काटा साधारण कधीपासून बंद होता आणि रोज कुठपर्यंत जाता. त्यावरून अंदाजे किलोमीटर काढून ते तारखेसकट बिलावर टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली तरी त्याला आकडा कुठून आला ते कळतं.